एका जलाशयाचे पक्षी, मोजक्या प्रतींत

हिवाळा लागला की भिगवणच्या वाटेला गर्दी होते. कुंभारगाव, डिकसळ अशा उजनी जलाशयाच्या काठावरच्या गावांतून मच्छीमारांच्या होड्या पाहुण्यांना घेऊन पाण्यात सुटतात आणि माणसे रोहित, चित्रबलाक, पट्टकदंब पाहून हरखून परततात. फोनमध्ये शेकडो फोटो असतात, पण त्यातल्या काहींना भिंतीवर एक चांगले पक्षिचित्र असावे असे वाटू लागते. शोधाशोध सुरू होते आणि ‘लिमिटेड एडिशन’ हे शब्द समोर येतात. चित्राखाली पेन्सिलीने १२/५० असे लिहिलेले असते, बाजूला चित्रकाराची सही असते आणि किंमत साध्या पोस्टरच्या कितीतरी पट असते. छापलेल्याच चित्राला एवढे पैसे का मोजायचे, हा प्रश्न तिथे रास्त आहे.

त्याचे उत्तर तीन गोष्टींत आहे. चित्रकाराने तो पक्षी किती निरखला आहे, प्रत कशी आणि कशावर छापली आहे, आणि ‘एवढ्याच प्रती काढीन’ हे वचन कोण, किती काटेकोरपणे पाळतो आहे. या तिन्ही गोष्टी सामान्य खरेदीदाराला तपासता येतात. त्यासाठी कलेची पदवी लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, एक भिंग आणि प्रश्न विचारण्याची तयारी.

संग्रहाला सीमा आखा

नवा संग्राहक बहुधा दिसेल ते सुंदर चित्र घेतो. आफ्रिकेतला गरुड, हिमालयातला मोनाल, ब्राझीलचा पोपट असे सगळे भिंतीवर येते, पण त्यातून संग्रह उभा राहत नाही. माझा आग्रह आहे की सुरुवात एका जलाशयापासून करावी, आणि त्यासाठी भिगवणइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली तरी यशवंतसागराचे, म्हणजे तिच्या जलाशयाचे, पाणी मागे इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले आणि भिगवणच्या परिसरात ते उथळ झाले. पाणी ओसरू लागले की गाळाचे पट्टे उघडे पडतात. त्या गाळात आणि उथळ पाण्यात अन्न मिळते, म्हणून पक्षी येतात. एकाच पाण्याच्या वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळे पक्षी पोट भरतात: खोल पाण्यावर नदी सुरय आणि ऑस्प्रे, उथळ पाण्यात रोहित, चमचा आणि चित्रबलाक, चिखलाच्या कडेला शेकाट्या आणि तुतवार, पाणवनस्पतींत वारकरी आणि जांभळी पाणकोंबडी, काठच्या शेतांत पट्टकदंबांचे थवे.

संग्रहाची रचनाही अशीच करता येते. पाण्याच्या प्रत्येक थराचा एक पक्षी घ्या. किंवा पाहुणे आणि रहिवासी अशी वाटणी करा. मंगोलिया-तिबेटच्या बाजूने हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आणि थंडीत येणारे चक्रवाक एका बाजूला, वर्षभर इथेच राहणारे नदी सुरय आणि चित्रबलाक दुसऱ्या बाजूला. अशा दहा-बारा प्रती एकत्र लावल्या की पाहणाऱ्याला एक जागा समजते. शिवाय सीमा आखलेली असली की प्रत्येक आकर्षक चित्रापुढे पाकीट उघडले जात नाही.

मोजक्या प्रती म्हणजे काय

छापील चित्रे आपल्या घरांत नवी नाहीत. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली आणि शिळाछापाची चित्रे घरोघर गेली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफनी देवदेवता भिंतीभिंतींवर आणल्या. चित्र जास्तीत जास्त घरांत पोचावे, हाच त्या छपाईचा हेतू होता. मर्यादित आवृत्तीचा हेतू याच्या उलट आहे. चित्रकार आधीच जाहीर करतो की या चित्राच्या इतक्याच प्रती निघतील. प्रत्येक प्रत तो स्वतः तपासतो, पसंत पडली तरच सही करतो आणि काम संपल्यावर ठसा रद्द करतो.

१२/५० याचा अर्थ पन्नास प्रतींपैकी बारावी. पहिली प्रत चांगली आणि पन्नासावी वाईट, असे सरसकट नसते. ड्रायपॉइंटसारख्या तंत्रात मात्र पत्र्यावरच्या रेषेची कड दाबाने लवकर झिजते, त्यामुळे सुरुवातीच्या प्रती जास्त मखमली येतात. नुसत्या लहान आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका. प्रत समोर ठेवून पाहा.

आकड्याच्या जागी ‘ए.पी.’ लिहिलेले असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत असते. अशा प्रती साधारणपणे मूळ संख्येच्या दहाव्या भागाइतक्या असाव्यात, असा संकेत आहे. पन्नासांच्या आवृत्तीला वीस ‘ए.पी.’ असतील तर ती आवृत्ती पन्नासांची राहिलेली नाही, हे लक्षात घ्या.

तंत्रानुसार मर्यादेचा अर्थ बदलतो. एकाच लिनोच्या तुकड्यातून टप्प्याटप्प्याने कोरत रंग छापत गेले की शेवटी तुकड्यावर शेवटच्या रंगापुरताच भाग उरतो, मग आवृत्ती वाढवायची म्हटले तरी वाढत नाही. वुडकट, एचिंग आणि स्क्रीन प्रिंटमध्ये ठसा किंवा जाळी शिल्लक असते, म्हणून ती रद्द केली का, हे विचारावे लागते. डिजिटल इंकजेट छपाईत, जिला बाजारात ‘जिक्ले’ म्हणतात, मूळ फाइल संगणकात कायम असते. तिथे मर्यादा संपूर्णपणे चित्रकाराच्या शब्दावर उभी असते. फोटोग्राफच्या प्रतींनाही हेच लागू आहे.

म्हणून विकत घेण्यापूर्वी पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या:

• एकूण प्रती किती, आणि त्याशिवाय ‘ए.पी.’ किती?
• हेच चित्र दुसऱ्या आकारात किंवा दुसऱ्या कागदावर वेगळी आवृत्ती म्हणून निघाले आहे का, पुढे निघणार आहे का?
• छपाईचे तंत्र, कागद आणि शाई कोणती?
• ठसा रद्द केला का? डिजिटल असेल तर विकलेल्या प्रतींची नोंदवही कोण ठेवतो?
• प्रत खराब झाली तर बदलून मिळते का, आणि मग जुनी प्रत नष्ट करतात का?

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बारा इंची पन्नास, अठरा इंची पन्नास आणि कॅनव्हासवर आणखी पन्नास, अशा तीन ‘मर्यादित’ आवृत्त्या निघाल्या तर बाजारात दीडशे प्रती येतात. हे आधी सांगितले असेल तर त्यात गैर काही नाही. ते लपवलेले असेल, तर तिथे खरेदी करू नका.

अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत वन्यजीव चित्रांच्या सही केलेल्या ऑफसेट प्रतींची मोठी लाट आली. आवृत्त्या शेकड्यांच्या आणि हजारांच्या निघाल्या आणि पुढे भाव वाढतील म्हणून लोकांनी त्या जपून ठेवल्या. विकायला काढल्यावर बहुतेकांना घेतलेली किंमतही मिळाली नाही. इतक्या प्रती निघाल्यावर आकडा आणि सही असूनही दुर्मीळता येत नाही. याउलट जपानच्या ओहारा कोसोनच्या लाकडी ठशांतल्या पक्षिचित्रांवर बहुधा क्रमांक नसतो, तरी जगभरचे संग्राहक ती शोधत असतात. आकडा हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नाही. प्रतींची संख्या किती, एवढेच तो सांगतो, आणि तेही सांगणारा खरे बोलत असेल तर.

कागद आणि शाई

या विषयाशी भिगवणचा एक वेगळा संबंध आहे. भिगवणजवळचा बिल्ट कंपनीचा कागद कारखाना छपाईच्या कोटेड कागदासाठी ओळखला जातो. कॅलेंडर, मासिके आणि पुस्तिका ज्या गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात, तो हा प्रकार. त्यावर पांढऱ्या खनिजाचा लेप असतो, त्यामुळे ऑफसेटची छपाई लखलखीत उठते. माहितीपत्रकाला आणि कॅलेंडरला हा कागद अगदी योग्य आहे. पन्नास वर्षे टिकवायच्या प्रतीला मात्र वेगळा कागद लागतो.

तो कागद सुती धाग्याचा आणि आम्लरहित असावा. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन नीट काढलेले नसेल तर कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. जुन्या वर्तमानपत्रांचे काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. इंकजेट प्रतींसाठी जर्मनीच्या हानेम्यूलेचा ३०८ ग्रॅम वजनाचा सुती कागद बऱ्याच ठिकाणी वापरतात. हाताने छापलेल्या लिनोकट आणि वुडकटसाठी आपल्याकडचा हातकागदही उत्तम चालतो. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून कागद बनवण्यासाठी अनेक दशके ओळखली जाते. स्थानिक पक्षी, स्थानिक चित्रकार आणि स्थानिक कागद असा मेळ साधलेली प्रत मिळाली तर ती आवर्जून घ्यावी.

इंकजेटमध्ये शाई ‘पिगमेंट’ आहे की ‘डाय’, हे विचारा. डाय शाई सुरुवातीला जास्त चमकदार दिसते, पण उजेडात लवकर उडते. रोहिताचा गुलाबी हा तर आधीच नाजूक रंग आहे. तो फिका पडला की चित्रात काही उरत नाही.

पक्षी बरोबर आहे का

हा भाग विक्रेता क्वचितच सांगतो, पण संग्राहकाची खरी कसोटी इथेच लागते. शक्य असेल तर चित्र घेण्यापूर्वी तो पक्षी दुर्बिणीतून नीट पाहून घ्या. भिगवणला नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, आणि पाणी उतरत जाते तसे रोहित जास्त जवळून दिसू लागतात. स्थानिक होडीवाल्यांना पक्ष्यांच्या जागा आणि सवयी पक्क्या ठाऊक असतात, त्यांच्याशी बोला. मग चित्रासमोर उभे राहून या खुणा तपासा:

• रोहित: भिगवणला प्रामुख्याने मोठा रोहित येतो. त्याची चोच गुलाबी आणि टोकाशी काळी असते, अंग फिकट. सगळी चोच गर्द लालसर-काळी दाखवली असेल तर तो लहान रोहित आहे. खाताना डोके उलटे करून चोचीची वरची बाजू खाली येते. उडताना मान आणि पाय दोन्ही सरळ ताणलेले असतात आणि पंखांखाली काळा व लाल रंग उठून दिसतो. पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची असतात. थव्यातला प्रत्येक पक्षी एकसारखा गुलाबी रंगवला असेल तर चित्रकाराने थवा नीट पाहिलेला नाही.
• पट्टकदंब: पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. एक किंवा तीन नव्हेत.
• चित्रबलाक: पिवळी, किंचित खाली वाकलेली चोच, नारिंगी उघडा चेहरा, छातीवर काळा-पांढरा पट्टा आणि शेपटीजवळ गुलाबी पिसे. उडताना मान ताठ पुढे.
• बगळे: उडताना मान ‘एस’सारखी दुमडतात. चित्रात राखी बगळा मान ताणून लांबवर उडतो आहे, असे असेल तर शंका घ्या.
• नदी सुरय: विणीच्या काळात काळी टोपी, पिवळी चोच आणि लाल पाय.

लांब पायांच्या पक्ष्यांत आणखी एक गोष्ट पाहा. पायाच्या मध्यावर मागे वाकणारा सांधा हा घोटा असतो, गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे ज्याला कळले त्याच्या चित्रात पक्ष्याचा तोल बरोबर येतो. गोव्याचे चित्रकार कार्ल डिसिल्व्हा यांची चित्रपाने या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. ग्रिमेट आणि इन्स्किप यांच्या १९९८ च्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या ग्रंथात त्यांचे काम आहे. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ जवळ असू द्या.

शैलीदार चित्रात सगळ्या खुणा असाव्यात असा हट्ट नको. चार रेषांत शेकाट्या उभा करणारा चित्रकार खुणा गाळू शकतो, पण चुकीच्या खुणा घालत नाही. गाळणे आणि चुकणे यांतला फरक पक्षी पाहिलेल्या डोळ्याला लगेच कळतो.

फोटोच्या प्रतींबाबत आणखी एक प्रश्न विचाराच: हा क्षण कसा टिपला? रोहितांचा थवा एकदम उडतानाचे दृश्य फार मागितले जाते, आणि ते मिळवण्यासाठी होडी थव्यात घुसवण्याचा मोह होतो. खाणारा थवा असा वारंवार उठला की त्याचे अन्नही जाते आणि ताकदही. अंतर राखून काम करणारा छायाचित्रकार हे अभिमानाने सांगतो. अशाच माणसाची प्रत घ्या. तसेच, चित्रावर खरी पिसे चिकटवलेली असतील तर ते घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न येतो आणि तशा मागणीला खतपाणीही मिळते.

भिंगातून पाहा

दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग खिशात ठेवा. ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. हाताने छापलेला लिथोग्राफ म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रात ही जाळी दिसली तर ती यांत्रिक नक्कल आहे. इंकजेटमध्ये अतिशय बारीक, अनियमित तुषार दिसतात. एचिंगमध्ये चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो आणि शाई किंचित उठलेली लागते. लाकडी ठशाचा दाब बऱ्याचदा कागदाच्या पाठीवर जाणवतो. सहीदेखील भिंगाखाली धरा. पेन्सिलीच्या सहीला शिसाची चमक असते आणि कागदावर दाब असतो, छापलेली सही ठिपक्यांची बनलेली असते.

जुनी पाने घेताना

काही संग्राहक जुन्या पक्षिग्रंथांतल्या चित्रपानांकडे वळतात. आपल्या भागाशी जोडलेला वारसा मोठा आहे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांनी मार्शल यांच्याबरोबर १८७९ ते १८८१ या काळात भारतातील शिकारीसाठी मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांवर रंगीत शिळाछापाचे तीन खंड काढले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बीएनएचएसने, स्टुअर्ट बेकर यांचा भारतीय बदकांवरचा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली चित्रे ग्रोन्व्होल्ड, लॉज आणि क्युलेमान्स यांची आहेत. भिगवणला येणारी बदके आणि पट्टकदंब अशा ग्रंथांत भेटतात.

ही पाने क्रमांकित नसतात आणि त्यांच्या आधुनिक नकला भरपूर आहेत. भिंग इथे सर्वाधिक उपयोगी पडते. दुसरी गोष्ट, सुटी पाने विकण्यासाठी चांगले अखंड ग्रंथ फाडले जातात. आधीच सुटे झालेले पान घेणे वेगळे आणि आपल्या मागणीसाठी ग्रंथ फाडायला लावणे वेगळे. तिसरी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येऊ शकतात आणि अशा वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलांना असे पान भेट द्यायचे मनात असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

फ्रेम आणि पावसाळा

चांगली प्रत बहुतेकदा फ्रेमवाल्याकडे बिघडते. त्याला चार गोष्टी स्पष्ट सांगा. कडा कापायच्या नाहीत, कारण समासात सही, आकडा आणि पत्र्याची खूण असते. प्रत सनबोर्डवर चिकटवायची नाही. सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावायचा नाही, वरच्या कडेला आम्लरहित पातळ कागदाच्या बिजागऱ्या आणि पिठाची शुद्ध खळ वापरायची. आणि काच प्रतीला टेकू द्यायची नाही, मध्ये आम्लरहित माउंट घालायचा. अतिनील किरण अडवणारी काच मिळाली तर जास्तीचे पैसे द्या.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळ्याचा दमटपणा आहे. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर, स्वयंपाकघराजवळ किंवा थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोर प्रत लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना छोटे रबरी ठोकळे लावले की भिंतीपासून हवा खेळते. दर वर्षी पावसाळ्यानंतर प्रत उतरवून मागची बाजू पाहा. तपकिरी ठिपके किंवा कसरीच्या खुणा दिसल्या तर स्वतः पुसापुशी न करता कागद जतनाच्या जाणकाराकडे न्या. न लावलेल्या प्रती गुंडाळून नळीत ठेवण्याऐवजी आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवा. डांबराच्या गोळ्या जवळ नकोत.

खरेदी कुठून, नोंद कशी

शक्यतो थेट चित्रकाराकडून घ्या. जहांगीर कलादालनातली प्रदर्शने, कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने आणि महाराष्ट्र पक्षिमित्रांची संमेलने इथे चित्रकारांशी बोलता येते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांतल्या मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्यांचे काम पाहा. तरुण कलाकाराची वीस-पंचवीस प्रतींची आवृत्ती तुमच्या आवाक्यात असते आणि तुमच्या खरेदीने त्याची पुढची आवृत्ती निघते.

प्रत्येक प्रतीची एक नोंद ठेवा: चित्राचे नाव, चित्रकार, साल, तंत्र, कागद, मोजमाप, क्रमांक, एकूण प्रती, कुठून आणि कधी घेतली, किती दिले, फ्रेम कधी केली. पावती आणि प्रमाणपत्र तिच्यासोबत ठेवा आणि चित्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. प्रत विकत घेतली तरी चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, म्हणून तिची प्रतिमा लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या फलकावर परस्पर छापू नका.

भाव वाढेल या आशेवर या वाटेला लागू नका. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. पक्षी आवडतो, चित्रकाराची नजर पटते आणि त्याच्या शब्दावर विश्वास आहे, एवढ्या कारणांनी घेतलेली प्रत कधी तोट्याची होत नाही. या हिवाळ्यात एवढेच करा. एकदा दुर्बीण घेऊन भिगवणला जा, एक पक्षी पक्का ओळखायला शिका, आणि त्या एका पक्ष्याचे खरे चित्र काढणारा माणूस शोधा. पहिली प्रत त्याच्याकडून घ्या.